चाप सोडताना

(पुण्यात सदाशिव पेठेतल्या एका वाचनालयाच्या सभागृहात एका निवृत्त टूल डिझायनरने दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार. बाहेरच्या फळ्यावर आजचा विषय ‘स्प्रे गनच्या ट्रिगरची रचना’ असा लिहिलाय. त्यातला ‘गन’ शब्द वाचून दोन तरुण मुलं मोठ्या आशेनं आत आलेली दिसतायत. त्यांना आत्ताच सांगून टाकतो, ही रंग फवारायची गन आहे, गोळी सुटणार नाही. पाणी सुटेल, तेही शेवटी वेळ उरला तर. आणि ही जी घरघर ऐकू येतेय ती माझ्या छातीची नाही, टेबलाखालच्या छोट्या कंप्रेसरची आहे. ग्रंथपालांची परवानगी घेतलीय. म्हणजे घेतली असं समजा.

साडेसातला इथं योगवर्ग आहे, त्यामुळे मला चाळीस मिनिटं आहेत. त्यात ट्रिगरच्या तीन गोष्टी सांगायच्या आहेत: जोर, अंतर आणि क्रम. पण आधी शब्दाबद्दल दोन मिनिटं.

कारखान्यात सगळे ट्रिगरच म्हणतात, मीही म्हणतो. हा शब्द मुळात डच भाषेतल्या ‘ओढणे’ या अर्थाच्या क्रियापदावरून आलाय. म्हणजे साहेबाचं सगळं लक्ष ओढण्याकडे. आपल्याकडे त्याला चाप म्हणतात. आता चाप म्हणजे काय काय बघा. केसांचा चाप. नाक टोचलेलं नसेल तर चापाची नथ. पोरगं फार उधळलं की त्याला चाप लावायचा. सगळीकडे एकच काम, धरून ठेवायचं, सुटू द्यायचं नाही. संस्कृतात चाप म्हणजे धनुष्य; तेही ओढून सोडलं की आपल्या जागी परत येतं. माझं गेल्या चाळीस वर्षांचं म्हणणं एवढंच आहे, की स्प्रे गनचा ट्रिगर हा रंग सुरू करायचा नसून बंद करायचा भाग आहे. ही गोष्ट आपल्या भाषेला आधीच माहीत होती, डिझायनरला नव्हती. तो डिझायनर मीच, म्हणून बोलायचा अधिकार आहे.

1978 साली डिप्लोमा करून मी भोसरीतल्या एका शेडमध्ये लागलो. लोखंडी कपाटं बनायची. पत्रा वाकवायचा, वेल्डिंग, लांबी, म्हणजे पुट्टी, भरायची, घोटायचं, मग रंग. रंगाच्या खोलीत एक मिस्त्री होते, जुन्नरकडचे. बोटाला कायम चिंधी गुंडाळलेली. मी विचारलं, काय झालं? म्हणाले, ‘‘काय न्हाय सायेब, गन वढून वढून.’’

बावीस वर्षांचा पोरगा, नवीन नवीन इंजिनिअर. मला वाटलं, समाजसेवेची संधी चालून आली. गन खोलली. मागच्या बाजूला नीडलची स्प्रिंग. नीडल म्हणजे लांब सुई. ती पुढे नोझलच्या भोकात जाऊन बसते आणि रंगाची वाट अडवते. चाप ओढला की सुई मागे सरकते, रंग येतो. चाप सोडला की स्प्रिंग तिला परत पुढे ढकलते. मी विचार केला, बोट दुखतंय कुणामुळे? या स्प्रिंगमुळे. मग नाना पेठेत जाऊन तेवढ्याच लांबीची, पण बारीक तारेची स्प्रिंग आणली आणि बसवली. चाप लोण्यासारखा झाला. मिस्त्रींनी ओढून बघितला, माझ्याकडे बघितलं, काहीच बोलले नाहीत. त्या न बोलण्याला मी कौतुक समजलो.

त्या दिवशी रंगात जी कपाटं होती त्यातलं एक मालकांच्या भाचीच्या रुखवतात जायचं होतं. फिकट हिरवा रंग. संध्याकाळी बघतो तर दारांना देवी आल्यासारखी. प्रत्येक हात, म्हणजे गनचा एक फेरा, जिथं सुरू होतो आणि जिथं संपतो, नेमके तिथंच ठिपके. मधे एकदम झकास, कडेला फोड. वर एका ठिकाणी ओघळ आलेला, तो थेट कुलपापर्यंत. मालक दारात उभे राहून म्हणाले, ‘‘ही नक्षी कुणी सांगितली होती?’’

(हशा.) तुम्ही हसताय. माझा त्या महिन्याचा पगार हसत नव्हता.

झालं काय होतं? गनच्या चापाला एक नाही, दोन कामं असतात. थोडासा ओढला की आधी हवेचा व्हॉल्व्ह उघडतो. नुसती हवा, फुस्स. आणखी ओढला की चाप नीडलच्या कॉलरला, म्हणजे सुईवरच्या कड्याला, टेकतो आणि मग रंग. सोडताना उलटं: आधी रंग बंद, मग हवा. आधी हवा कशासाठी? रंगाला फोडून त्याचं धुकं करायचं काम हवेचं असतं. हवेविना रंग बाहेर आला तर धुकं होत नाही, थेंब पडतात. पिचकारी. माझी मऊ स्प्रिंग सुईला वेळेवर जागेवर बसवत नव्हती. हवा थांबायची तरी सुई अजून वाटेतच. मागे राहिलेला रंग नोझलच्या तोंडाशी जमायचा आणि पुढचा हात सुरू झाला की पहिल्या फुंकरीला कपाटावर.

मिस्त्री मला बाजूला घेऊन म्हणाले, ‘‘सायेब, वढताना बोट माजं दुखतंय. मिटताना जोर तिला लागतोय. तुमी तिचाच जोर काढून घेतला.’’ मग माझ्यासमोर त्यांनी जुनी स्प्रिंग परत घातली. ग्लँड नट, म्हणजे सुईभोवतीचं पॅकिंग आवळणारा नट, पाव आटा ढिला केला. पॅकिंगवर तेलाचा थेंब. सुईवर वाळलेला रंग थिनरनं पुसला. आणि चाप हलका झाला! म्हणजे बोटाचा निम्मा त्रास स्प्रिंगचा नव्हताच, तो कुणीतरी गळती थांबवायला करकचून आवळलेल्या नटाचा होता. आवळलेलं पॅकिंग सुईला येताना धरतं, जातानाही धरतं. ओढायला जड आणि मिटायला आळशी, दोन्ही रोग त्या एकाच नटात. मी विचारलं, मग आधीच का नाही केलंत? म्हणाले, ‘‘तुमी लई उत्साहात व्हता.’’

अध्यक्षांची चिठ्ठी आली. ‘पंधरा मिनिटे.’ अजून जोर, अंतर, क्रम यातलं काही झालं नाही असं त्यांना वाटतंय. क्रम झाला. एक तृतीयांश व्याख्यान झालं.

इतिहास थोडक्यात. अमेरिकेत टोलेडो गावात डॉक्टर डीव्हिलबिस होते, घशाचे डॉक्टर. रोग्याच्या घशात औषध उडवायला त्यांनी रबरी फुग्याचा फवारा केला. त्याला चाप नव्हता, फुगा दाबायचा. 1907 च्या सुमारास त्यांच्या मुलानं, थॉमसनं, त्याच कल्पनेची रंगाची गन केली. म्हणजे आपल्या कपाटांचे पूर्वज कुणाचे तरी टॉन्सिल आहेत. मग 1923 मध्ये जनरल मोटर्सच्या ओकलंड गाड्यांना ड्युपॉन्ट कंपनीचा ड्यूको रंग आला. आधी गाडी रंगवून वाळायला आठवडे जायचे. ड्यूको इतका चटकन वाळायचा की ब्रश फिरवायला सवड नाही. फवारण्याशिवाय इलाजच नव्हता. गन घराघरात, म्हणजे गॅरेजागॅरेजात, गेली ती त्यामुळे. आपल्याकडे अजून डेंटिंग-पेंटिंगवाला कुठल्याही रंगाला ‘ड्यूको करतो’ म्हणतो. त्याला डब्यावरचं नाव दाखवून उपयोग नाही, मी प्रयत्न केलाय.

आता माझी तक्रार, मग मुद्दा. वीसेक वर्षांपूर्वी मी चार बोटांचा लांब चाप काढला. तेव्हा बहुतेक गन दोन बोटांच्या. एका खरेदी अधिकाऱ्यापुढे नमुना ठेवला. कंपनीचं नाव घेत नाही. त्यांनी ओढून बघितलाच नाही. म्हणाले, ‘‘फोटोत जुन्यासारखा दिसत नाही.’’ मी म्हटलं, तो फोटोत ओढायचा नाहीये. फाईल बंद. आणि त्यानंतर काही वर्षांनी माझंच मधलं बोट वाकून अडकायला लागलं. सकाळी उघडायला गेलो की ‘खट्’. डॉक्टर म्हणाले, याला ‘ट्रिगर फिंगर’ म्हणतात. बोटाची शीर, म्हणजे टेंडन, ज्या नळीतून सरकते ती आवळली जाते. मी म्हटलं, डॉक्टर, पाव आटा ढिला करा. त्यांना विनोद कळला नाही. शस्त्रक्रियेत केलं मात्र अगदी तेच.

चिठ्ठी. ‘सात.’ बरं.

जोर. हिशेब तुम्हीच करा. एका हाताला, म्हणजे एका फेऱ्याला, तीन सेकंद धरा. प्रत्येक फेऱ्याला चाप ओढायचा आणि सोडायचा. धरून ठेवणारा पेंटर कच्चा. मिनिटाला 20, तासाला 1200, चार तास फवारणी केली तर 4800. दर वेळी समजा दोन किलोचा जोर. साडेनऊ टनांहून जास्त, दोन बोटांनी, रोज. त्यात खाली डबा असलेली जुनी गन असेल तर एक लिटर रंगाचं ओझं मनगटावर वेगळं. म्हणून चार बोटं. जोर तोच राहिला तरी वाटून घेतला जातो.

अंतर. चाप वरच्या पिनवर झुलतो. पिनेपासून सुई 20 मिलीमीटरवर आणि बोट 60 वर असेल तर बोटाला एक तृतीयांश जोर पुरतो. पण सुई तीन मिलीमीटर हलवायला बोट नऊ मिलीमीटर सरकवावं लागतं. बोट आणखी खाली, 100 वर नेलं तर जोर पाचव्या हिश्शावर येतो आणि सरकणं होतं पंधरा. लहान हाताच्या माणसाचं बोट तिथवर पोचतच नाही. ज्यानं जोर कमी केल्याची जाहिरात दिली, त्यानं अंतर वाढवलंय का ते आधी विचारा. मागच्या बाजूला गोल नॉब असतो, तो सुईला किती मागे येऊ द्यायचं ते ठरवतो. नवशिका रंग नॉबनं कमी-जास्त करतो, मुरलेला बोटानं. आणि बोटानं करायचं तर हवा कुठं संपते आणि रंग कुठं सुरू होतो, ती मधली पायरी बोटाला कळली पाहिजे. हल्ली काही गनमध्ये चाप इतका गुळगुळीत करतात की पायरीच हरवते. ती मला बिघडलेली गन वाटते.

आता फवाऱ्याच्या बाटल्या बघा: घरातली काच पुसायची बाटली, इस्त्रीवाल्याची बाटली, सलूनमधली. आमच्या लहानपणी इस्त्रीवाला तोंडात पाणी धरून फुर्र करायचा, तो फवारा आजच्या बाटलीपेक्षा सरस होता. या बाटल्यांत चापच पंप असतो. ओढला की पाणी बाहेर, सोडला की खालून नळीतून पाणी वर. एका दाबात साधारण एक मिलीलीटर. वेगळी हवा नाहीच, त्यामुळे दाब चढताना आणि उतरताना मोठे थेंब. काचेवरून कोपरापर्यंत येणारा ओघळ तोच. काही चांगल्या बाटल्यांत पुरेसा दाब साठल्याशिवाय तोंड उघडतच नाही; तेवढे पाच रुपये जास्त द्या.

एक गोष्ट गंमतीची नाही. एअरलेस मशीनमध्ये हवा नसते, रंगालाच 200 बारपर्यंत, म्हणजे हवेच्या नेहमीच्या दाबाच्या जवळपास दोनशे पट, दाब देतात. त्या गनच्या चापाला लॉक असतं ते लावायचंच, आणि तोंडापुढं बोट कधीही नाही. रंग कातडीतून आत घुसतो. बाहेर टाचणी टोचल्याएवढी खूण, दुखतही नाही फार. पण बोट जाऊ शकतं. हळद लावून घरी बसायचं नाही, त्याच क्षणी हॉस्पिटलात जाऊन ‘दाबाचा रंग आत गेलाय’ असं सांगायचं. द्राक्षबागेत फवारणीची गन सतत दाबून ठेवायला चापाला ट्यूबचा तुकडा बांधतात, त्यांनाही हात जोडून सांगतो. हात सुटला की बंद होणं एवढंच त्या चापाचं काम होतं, तेच तुम्ही बांधून टाकलंत.

सतरंज्या घेऊन मंडळी दारात आलीत. या, या, एकच मिनिट. हा फळा कोरडा आहे. ही गन, यात साधं पाणी. आता अर्धाच ओढतो. ऐका. फळ्यावर काही दिसतंय? काही नाही, नुसती हवा. आता पूर्ण. आला ना ओला पट्टा? आता सोडतो. पट्टा संपला तरी फुस्स अजून चालूच आहे, ऐकलंत? काकू, चष्मा लावून जवळ या. या कडेला एक तरी थेंब दिसतोय का बघा.