शेळपट

नमस्कार, श्रोतेहो. अंधाराला किंवा विहिरीच्या पाण्याला घाबरणाऱ्या पोराला आपल्या मराठवाड्यात वडीलधारी माणसे ‘शेळपट’ म्हणत असत. आता त्याच्या जागी हिंदीतला ‘डरपोक’ सर्रास ऐकू येतो, आणि घरचा शब्द असताना उसना का आणावा, हे मला अजूनही पटत नाही.

‘शेळपट’ हा शब्द शेळीवरून आला. वेड्याला जसे आपण ‘वेडपट’ म्हणतो, तसा शेळीसारखा बुजणारा तो ‘शेळपट’. ‘शेळी’ हा शब्द प्राकृतातल्या ‘छेली’पासून आला, हिंदीत जिथे ‘छ’ टिकला तिथे मराठीत ‘स’ किंवा ‘श’ झाला, म्हणून त्यांची छुरी ती आपली सुरी, त्यांची छींक ती आपली शिंक आणि त्यांची छेरी ती आपली शेळी. तेव्हा ध्यानात असू द्या, शेळीवरून शेळपट. मात्र शेळीला भाषेने कधी न्याय दिला नाही. शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड.

धाराशिवकडच्या आमच्या गावी, मी बारवेत उतरायला भ्यालो म्हणून थोरल्या काकांनी मला चारचौघांत शेळपट म्हटले होते. त्याच आठवड्यात आजीची काळीभोर उस्मानाबादी शेळी व्याली, आणि या जातीला बहुधा होतात तशी तिला जुळी करडे झाली. दिवेलागणीला एक मोकाट कुत्रे अंगणात शिरले आणि थेट करडांवर धावले. मी ओट्यावर खिळून राहिलो. शेळीने मात्र दाव्याला असा हिसका दिला की खुंटी उपटून आली. तिने मान खाली घातली, मागचे पाय रोवले आणि कुत्र्याच्या बरगडीत धडक दिली. कुत्र्याने तिचा लांब कान फाडला, तरी ती करडांपुढून हलली नाही, आणि दुसरी धडक बसताच ते केकाटत पळाले. आजी काठी घेऊन पोहोचली, तेव्हा शेळीचे अंग थरथरत होते. श्रोतेहो, भीती तिलाही वाटलीच होती. कानावर हळद दाबता दाबता आजी काकांना म्हणाली, “माझ्या शेळीच्या नावानं पोराला हिणवू नको रं.” काका काही बोलले नाहीत. त्यांनी दगड शोधला आणि उपटलेली खुंटी पुन्हा ठोकायला घेतली.