पत्ता सोलापूरचाच

(दृश्य: सोलापूर एसटी स्टँड. फलाटावर उभी केलेली गिटारची पेटी.)

गाणी स्वतः लिहायची, चाली स्वतः लावायच्या, कार्यक्रमही स्वतःच ठरवायचे आणि गिटार पाठीला लावून गावोगाव जायचं, हा माझा व्यवसाय. साथीला कुणी नाही, मागे कंपनी नाही. जुना मित्र भेटला की हमखास विचारतो, "पुण्याला जा की बे, इथं काय ठेवलंय?" त्याला द्यायचं उत्तर या फिल्ममध्ये आहे.

इथं वाटा आहेत. पुण्याहून हैदराबादकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग 65 आणि विजापूरकडे उतरणारा 52, दोन्ही सोलापुरातून जातात. रेल्वे तर 1860 पासून आहे. तुळजापूर, अक्कलकोट, पंढरपूर, बार्शी सकाळी निघून रात्री घरी येण्याजोगी. विजापूर, गुलबर्गा, लातूर शंभर-सव्वाशे किलोमीटरच्या आत. आणि सोलापुरात घरभाडं मला झेपतं, म्हणून चाळीस माणसांच्या बैठकीला मी हो म्हणू शकतो. पुण्यात राहून ते जमलं नसतं.

गाणं घेऊन फिरणारी माणसं या भागाला नवी नाहीत. पेशवाईच्या उत्तरार्धातले शाहीर राम जोशी सोलापूरचे. अमर शेख बार्शीचे, 1916 चा जन्म. त्यांचा आवाज आणि डफ संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात गावोगाव पोचला. आजही तुळजाभवानीचा गोंधळी संबळ आणि तुणतुणं घेऊन दारी येतो. त्यांच्या रांगेत बसण्याइतका मी मोठा नाही, पण ही वाट त्यांनी मळलेली आहे हे मला दर खेपेला जाणवतं.

(दृश्य: वाड्याचा चौक. सतरंजी, समोर बसलेले श्रोते.)

इथला श्रोता कीर्तनात बसून तयार झालेला. दोन तास मांडी मोडत नाही. माईक नसेल तर पुढे सरकून बसतो. पूर्व भागात तेलुगू बोलणारी घरं, पलीकडे कन्नड, मग दखनी उर्दू. शेजारी माग चालू असतील तर कार्यक्रम माग थांबल्यावर ठेवायचा, कारण त्या खडखडाटात लाकडी गिटारचा निभाव लागत नाही.

बार्शीच्या एका बैठकीत एक आजोबा बाजाची पेटी, म्हणजे हार्मोनियम, घेऊन शेजारी येऊन बसले. "पट्टी कुठली?" म्हणाले. "काळी एक." त्यांनी सूर धरला, आणि माझ्या तारा त्यांच्या पेटीपेक्षा किंचित खाली निघाल्या. माझा ट्यूनर, म्हणजे सूर मोजणारं यंत्र, 440 हर्ट्झच्या हिशेबानं बरोबरच होता. पण जुन्या पेटीचे सूर बैठकीत बदलता येत नाहीत, तारच हलवावी लागते. ट्यूनर खिशात टाकला आणि सहाही तारा कानानं त्यांच्या सुराला मिळवल्या. आजोबा म्हणाले, "आता म्हणा." तेव्हापासून जिथं पेटी असेल तिथं मी आधी तिचा सूर मागतो.

(दृश्य: उघडी पेटी, गिटारच्या डोक्याशी साबणाची डबी.)

सोलापूरचा उन्हाळा हा मात्र गिटारचा खरा कस. एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि हवा कोरडी ठणठणीत. सहा पोलादी तारांचा मिळून ताण 70 किलोच्या आसपास असतो आणि तो सगळा पातळ लाकडावर. कोरड्या हवेत वरची फळी आक्रसते, खाली बसते, तारा फ्रेटवर, म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर, घासून खरखरतात. मान आक्रसली की फ्रेटची टोकं बोटाला टोचू लागतात. उन्हात उभ्या गाडीत गिटार ठेवली तर लाकूड जोडणारा सरस मऊ होऊन ब्रिज, म्हणजे फळीवर तारा अडकवायची पट्टी, उखडू शकतो. म्हणून ही प्लॅस्टिकची साबणडबी. तिला भोकं पाडलीत, आत पिळून घेतलेला ओला स्पंज. पेटी बंद ठेवली की आतल्या लाकडाला पुरेशी ओल मिळते. कोकणात जाताना हीच डबी रिकामी करून ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या टाकायच्या. एसटीत गिटार टपावर द्यायची नाही, इंजिनाजवळही नाही. कंडक्टरला "दादा, मांडीवर घेतो" म्हटलं की बहुतेक जण हो म्हणतात.

मोठी दुरुस्ती निघाली तर मिरज. कुर्डुवाडी-पंढरपूरच्या मार्गानं रेल्वे तिथवर जाते. मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्या तानपुऱ्याचे भोपळे पंढरपूरच्या बाजूला पिकतात, म्हणजे त्या सुरात आमच्या जिल्ह्याच्या मातीचाही वाटा आहे. याचा मला फार अभिमान वाटतो.

आता पैशाचं. बिदागी आधी ठरवावी, प्रवासखर्च वेगळा सांगावा, आणि निम्मी रक्कम निघण्यापूर्वी घ्यावी. यात संकोच नको. 2012 च्या कॉपीराइट दुरुस्तीनं गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा राखून ठेवलाय, पण तो हाती यायचा तर इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीत गाण्यांची नोंद हवी. ती बहुतेक जण करत नाहीत आणि मला याचं वाईट वाटतं.

मोहोळला, माढ्याला कुणी गिटार घेऊन बसलेलं हे बघत असेल, तर पहिल्या कार्यक्रमासाठी उत्सवाच्या मंडपाकडे जाऊ नका, तिथं स्पीकरच्या भिंतींपुढे तुमचा आवाज पोचणार नाही. गावातल्या वाचनालयात जा, कार्यवाहांना भेटा, एक गाणं तिथंच म्हणून दाखवा आणि पुढच्या महिन्याची तारीख मागून घ्या.