बरोबरी नको असेल तेव्हा

(सोलापुरातील एका खुल्या बुद्धिबळ स्पर्धेत, शेवटच्या फेरीच्या आदल्या संध्याकाळी खेळाडू व पालकांसमोर केलेलं भाषण. थोडं संपादित.)

पालकमंडळी आणि पोरांनो, पंखे फिरताहेत पण वारा येत नाही, तेव्हा थोडक्यात बोलतो.

चहाच्या वेळी निदान पाच-सहा जणांनी मला एकच विचारलं, "सर, उद्या जिंकायलाच लागतंय, काय खेळू?" अर्धा गुण मागे आहात, बरोबरीने भागणार नाही, हे खरं. पण तुमच्यातल्या बऱ्याच जणांचं आधीच ठरलेलं दिसतंय: एखादं प्यादं फेकायचं आणि पहिल्यापासून राजावर तुटून पडायचं. माझं म्हणणं अगदी उलट आहे. जिंकायलाच हवं असेल त्या दिवशी घाई सोडा.

१९८५ सालची मॉस्कोतली जगज्जेतेपदाची लढत घ्या. चोविसावा, शेवटचा डाव. कास्पारॉव्ह १२-११ असा पुढे, आणि जगज्जेत्या कारपॉव्हने जिंकलं तर १२-१२ होऊन किताब त्याच्याकडेच राहणार. पांढरी मोहरीही त्याचीच. कारपॉव्हचा पिंड काय? समोरच्याला हळूहळू आवळत न्यायचं. त्या दिवशी मात्र काळ्याच्या सिसिलियन बचावाविरुद्ध त्याने राजाच्या बाजूने प्यादी दामटली, थेट हल्ल्याला गेला. हल्ला ऐन रंगात आला तेव्हा तो कचरला, आणि काळ्याने उलटून डाव घेतला. जो खेळ आपला नाही, तो गरज पडली म्हणून एका दुपारी अंगात येत नाही.

आता दोन वर्षं पुढे या. १९८७, सेव्हिल. माणसं तीच, बाजू उलटी. तेविसावा डाव हरल्याने कास्पारॉव्ह ११-१२ असा मागे पडलेला. हा तर हल्ल्याचा बादशहा! सगळ्यांना वाटलं, आता पटाला आग लागणार. त्याने c4 ने, म्हणजे c पट्टीतलं प्यादं दोन घरं सारून, सुरुवात केली आणि शांतपणे मोहरी मांडत बसला. मारामारी टाळली, मोहरी पटावर ठेवली. धमकी एकही नाही, पण प्रत्येक चालीला कारपॉव्हला ठरवावं लागत होतं, हे बदलू का राहू देऊ, इथे जाऊ का तिथे. ठरवण्यात घड्याळ खर्च झालं आणि वेळेच्या ओढाताणीत चुका झाल्या. डाव तहकूब झाला तेव्हा कास्पारॉव्हकडे एक प्यादं जास्त होतं. दुसऱ्या दिवशी, ६४ चालींत, जिंकला. १२-१२, किताब राखला.

मला विचाराल तर जिंकण्यासाठी खेळणं म्हणजे हे. समोरच्याला ठरवायला लावत राहायचं.

आणि वजीर निघाले, म्हणजे दोघांचे वजीर मारले गेले, की बरोबरीच, हेही डोक्यातून काढा. १९१४, सेंट पीटर्सबर्गची स्पर्धा. कापाब्लांका आघाडीवर, जगज्जेत्या लास्करला विजय हवा. लास्करने काय निवडलं? रुय लोपेझ या सुरुवातीतला एक्स्चेंज प्रकार, ज्यात सहाव्या चालीलाच वजीर निघाले! पण त्या स्थितीत काळ्याकडे उंटांची जोडी असते आणि प्याद्यांची रचना बिघडलेली असते, म्हणजे काळ्याला हालचाल करावीच लागते. नुसतं बसून चालत नाही. काळ्याकडून खेळणारा कापाब्लांका नुसता बसून राहिला. लास्करचा घोडा e6 वर जाऊन रुतला, आणि संपलं. स्पर्धा लास्करने अर्ध्या गुणाने जिंकली. (पोरांनो, हा डाव घरी पटावर लावून बघा. मोबाईलवर नाही, पटावर.)

गुकेशचं तर तुम्हाला तोंडपाठच असेल. १२ डिसेंबर २०२४, सिंगापूर, जगज्जेत्या डिंगविरुद्धच्या लढतीचा चौदावा, शेवटचा डाव, ६.५-६.५. काळ्या मोहऱ्यांनी खेळणाऱ्या गुकेशकडे प्यादं जास्त होतं पण स्थिती बरोबरीची, सगळे जण टायब्रेकच्या, म्हणजे बरोबरी फोडणाऱ्या जलद डावांच्या, गप्पा मारत होते. तो मात्र खेळत राहिला, कारण खेळत राहण्यात त्याचं काहीच जात नव्हतं. पंचावन्नाव्या चालीला डिंगने हत्ती f2 वर नेला. हत्ती निघाले, गुकेशने Bd5 ने उंट d5 वर आणला तेव्हा डिंगच्या कोपऱ्यातल्या उंटाला अदलाबदल करावीच लागली, आणि उरलं प्याद्यांचं जिंकलेलं एंडगेम, डावाचा शेवटचा टप्पा. नशीब म्हणणारे म्हणोत. चार तास दमवल्याशिवाय ती चूक होत नाही.

नियमाचं एक सांगतो, कारण इथे रोज भांडणं होतात. बरोबरी विचारायची तर आधी चाल करा, मग विचारा, मग घड्याळ दाबा. विचारलेलं मागे घेता येत नाही. समोरचा तोंडाने नाही म्हणेपर्यंत किंवा खेळण्यासाठी मोहरीला हात लावेपर्यंत तो प्रस्ताव उभा असतो. आणि जिंकायला बसला असाल तर विचारूच नका. विचारलंत की त्याला कळतं तुम्हाला भीती वाटतेय, आणि मग तो मोकळेपणाने खेळायला लागतो. सारखं विचारणं तर नियमातही बसत नाही, आर्बिटरला, म्हणजे पंचाला, बोलवा.

मागे बसलेल्या ताईंनी विचारलंय, मुलगा पुढे असला तर बरोबरी घेऊ दे का? ताई, पहिला नंबर बरोबरीने पक्का होत असेल तर खुशाल घेऊ द्या, त्यात लाज कसली. पण बरोबरीसाठी म्हणून पहिल्या चालीपासून मोहरी मारत सुटू नये. तसं खेळणारे दहातले बरेच एंडगेममध्ये अडकतात, आणि एंडगेमचा सराव आपल्याकडची मुलं सगळ्यात कमी करतात. ओपनिंगच्या वीस चाली पाठ, हत्ती-प्याद्याचं एंडगेम येत नाही!

उद्याची पेअरिंग, कोण कोणाशी खेळणार ती यादी, रात्री लागेल. बार्शी, पंढरपूरहून एसटीने येणाऱ्यांनी पहिली गाडी धरा. शेंगाचटणी-भाकरी भरपेट खाऊन पटावर बसू नका, चौथ्या तासाला डोळा लागतो. रात्री प्रतिस्पर्ध्याचे डाव बघायचे तर अर्धा तास बघा आणि झोपा. आता काळ्या मोहऱ्यांवर जिंकायचं असेल तर काय, असं मघाशी एकाने विचारलं होतं. त्याने पुढे ये, डेमो बोर्डवर गुकेशची शेवटची स्थिती लावू.