टेम्पोचं भाडं आणि पहिलं वाचन

श्रोतेहो, नमस्कार. पाच-सात जणांनी पदरमोड करून नाटक उभं करायचं, शुभारंभाचा प्रयोग दणक्यात करायचा आणि चौथ्या-पाचव्या प्रयोगानंतर सेट कुणाच्या तरी गच्चीवर ताडपत्रीखाली पडून राहायचा. छोट्या नाट्यसंस्थांच्या बाबतीत हे नेहमी घडतं, आणि दर वेळी नाटक वाईट असतं असंही नाही. बहुतेकदा दोन वेगळे खर्च एकाच रकान्यात लिहिलेले असतात.

पहिला निर्मिती खर्च. तालमीची जागा, सेट, कपडे, संगीताचं ध्वनिमुद्रण. तो एकदाच होतो. दुसरा प्रयोग खर्च, म्हणजे पडदा उघडला की दर वेळी होणारा. संस्था अडचणीत येते ती या दुसऱ्यामुळे, आणि चर्चा मात्र सगळी पहिल्याची होते.

कागद-पेन्सिल जवळ असेल तर घ्या. आकडे समजण्यापुरते धरलेत, तुमच्या गावचे तुम्ही घाला. १५० खुर्च्यांचं छोटं सभागृह, भाडं ६,००० रुपये. दिवे आणि ध्वनी ४,०००. चार नटांची नाईट, म्हणजे एका प्रयोगाचं मानधन, प्रत्येकी १,०००, एकूण ४,०००. बॅकस्टेजच्या तिघांना ७०० प्रमाणे २,१००. लेखकाचं मानधन १,०००. सेट नेणारा टेम्पो २,५००. चहा-जेवण १,४००. जाहिरात ३,०००. बेरीज २४,०००. तिकीट २५० रुपयांचं. ऑनलाइन विक्रीचं कमिशन आणि सवलती जाऊन हातात २२५ पडतात असं धरू. म्हणजे १०७ तिकिटं खपली की प्रयोग खर्च भागला.

आता १२० तिकिटं गेली तर? सभागृह भरलेलं दिसतं, टाळ्या पडतात, आणि गल्ल्यात उरतात ३,००० रुपये. निर्मितीला दीड लाख घातले असतील तर ते फिटायला ५० प्रयोग लागतील. प्रायोगिक नाटकाचे ५० प्रयोग किती संस्थांच्या नशिबी येतात, ते तुम्हाला ठाऊक आहे.

यातला टेम्पो काढून बघा. शिल्लक ५,५०० होते आणि ५० चे २८ प्रयोग होतात. एका टेम्पोवर बावीस प्रयोग! पण शुभारंभाच्या आठवड्यात जाऊन नेपथ्यकाराला ‘सेट लहान कर’ म्हटलं तर तो चिडणारच, आणि त्याचं बरोबर आहे. म्हणून हिशोब बघणाऱ्या माणसाला संहितेच्या पहिल्या वाचनालाच बसवा. त्याने त्याच दिवशी सांगावं की सेट एका मोटारीच्या टपावर आणि डिकीत मावला पाहिजे. मग नेपथ्यकार आठ फुटी फ्लॅट, म्हणजे सेटच्या भिंतीची चौकट, मधोमध बिजागरी लावून चार फुटांवर दुमडतो, प्लायऐवजी लाकडी चौकटीवर कापड ताणतो, आणि लेव्हल, म्हणजे मंचावरचे चौथरे, त्या-त्या सभागृहातल्याच वापरता येतील अशी मांडणी करतो. अट आधी कळली तर दिग्दर्शक तिच्यासकट विचार करतो. नंतर कळली तर कापाकापी होते, आणि ती प्रेक्षकाला दिसते.

यात कलेची तडजोड होते असं मानणाऱ्यांनी दादरच्या छबिलदास शाळेचं सभागृह आठवावं. १९७४ पासून ‘आविष्कार’ या नाट्यसंस्थेने तिथे प्रयोग लावले ते जागा परवडली म्हणून. नट आणि प्रेक्षक यांच्यातलं अंतर तिथे मिटलं, आणि त्यातून मराठी नाटकाला वेगळी शैली मिळाली. उलट उदाहरण १९१३ साली निघालेल्या गंधर्व नाटक मंडळीचं. गाणं अव्वल, गर्दी अफाट, पण थाटमाटाला धरबंध नव्हता. मंडळी कर्जात बुडाली.

काटकसर करताना हात लावू नये अशी गोष्ट म्हणजे नाईट. ती कापली की नट मालिकेचं शूटिंग आधी बघतो, आणि त्याला दोष देता येत नाही. देणं शक्यच नसेल तर निर्मिती खर्च फिटल्यावर कुणाला किती वाटा, हे तालमी सुरू होण्याआधी कागदावर लिहा. मुख्य भूमिकांचे बदली कलाकार पहिल्या महिन्यापासून तालमीत असू द्या. आयत्या वेळी तारीख सोडली की भाडं तर जातंच, पुढची तारीख मिळायलाही वाट बघावी लागते.

पासांचं काय करायचं? आपल्या हिशोबात नफ्याच्या खुर्च्या फक्त ४३. ओळखीपाळखीत २० पास वाटले की उरल्या २३. समीक्षक आणि पुढे प्रयोग ठरवू शकणारे आयोजक, एवढ्यांनाच पास द्यावा. मित्रांनी तिकीट काढावं. नाहीतर ते मित्र कसले!

कागदपत्रांचं थोडक्यात सांगतो. लेखकाची लेखी परवानगी, किती काळासाठी आणि प्रयोगामागे किती मानधन, या तपशिलासह. रूपांतर असेल तर मूळ लेखकाचीही. महाराष्ट्रात संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे मंजुरीसाठी द्यावी लागते. प्रमाणपत्र हातात येण्याआधी जाहिरात करू नका. नाटकाच्या ५०० रुपयांपर्यंतच्या तिकिटाला जीएसटी माफ आहे, तेव्हा ५२० चं तिकीट लावण्याआधी दोनदा विचार करा.

तारखा घेताना एकाच सभागृहात एकाच दिवशी दुपारचा आणि रात्रीचा असे दोन प्रयोग मिळतात का ते पाहा. दिवे एकदाच टांगायचे, वाहतूक एकदाच, जाहिरात एकच. बाहेरगावचा प्रयोग आला तर तो कॉन्ट्रॅक्टवर घ्या: ठरलेली रक्कम, प्रवास-निवास-जेवण आयोजकाकडे, निम्मे पैसे आगाऊ. मंचाची लांबी-रुंदी आणि दिव्यांची यादी आधीच मागवा. ‘सगळं आहे’ असं फोनवर सांगितलं जातं, आणि पोचल्यावर दोन हॅलोजन निघतात.

आणि नाटक थांबवायचं कधी? लागोपाठ तीन प्रयोगांना प्रयोग खर्च निघाला नाही की तिकीट लावून प्रयोग करणं बंद करा, फक्त कॉन्ट्रॅक्टचे घ्या. काळे पडदे, वायरी आणि दुमडणाऱ्या चौकटी ठेवून द्या, पुढच्या नाटकाला लागतील. बाकीचा सेट विकून टाका. त्याच्यासाठी भाड्याने खोली मात्र घेऊ नका.