एका शितावर भागत नाही

नमस्कार श्रोतेहो.

शितावरून भाताची परीक्षा ही आपली जुनी रीत. झाकण काढायचं, एक शीत बोटांत दाबायचं. ते शिजलं असेल तर पातेलं उतरवायचं. कर्करोगाच्या बाबतीत डॉक्टरही वर्षानुवर्षं हेच करत आले. गाठीत सुई घालून चिमूटभर तुकडा काढायचा आणि त्यावरून सगळ्या रोगाचा अंदाज बांधायचा. पण हा भात एकसारखा शिजत नाही. गाठीच्या एका कडेला एक जनुकीय बदल असतो, दुसऱ्या कडेला दुसरा, आणि तिथून सुटून यकृतात किंवा हाडांत जाऊन बसलेल्या पेशींमध्ये कदाचित तिसराच. सुया घालणार तरी किती ठिकाणी?

इथे रक्त मदतीला येतं. पेशी मरते तेव्हा तिचं दप्तर, म्हणजे डीएनए, फाटतं आणि त्याचे कपटे रक्तात उतरतात. रक्तात पेशींबाहेर असे कपटे असतात हे मांडेल आणि मेताय या फ्रेंच संशोधकांनी १९४८ सालीच दाखवलं होतं, पण पुढची कित्येक वर्षं त्याकडे फारसं कुणी पाहिलं नाही. कपटे धडधाकट माणसाच्या रक्तातही असतात. कर्करुग्णाच्या रक्तात त्यांतले थोडे गाठीचे असतात, कधी हजारात एखादा, आणि त्यांच्यावर गाठीतल्या बदलांच्या खुणा असतात. एकेका कपट्याची लांबी साधारण १६० ते १७० अक्षरं. रक्तात ते फार टिकत नाहीत, काही मिनिटांत ते दोन-अडीच तासांत निम्मे होतात. म्हणजे आज घेतलेलं रक्त आजच्याच रोगाबद्दल बोलतं. दोन वर्षांपूर्वीच्या तुकड्याला हे कसं जमावं?

फुफ्फुसाच्या कर्करोगाचं उदाहरण घेऊ. काही रुग्णांमध्ये ईजीएफआर नावाच्या जनुकात बदल असतो. त्यांना गेफिटिनिबसारखी गोळी लागू पडते, खोकला कमी होतो, वजन वाढतं, घरात सगळ्यांना हायसं वाटतं. मग वर्षभराच्या आगेमागे रोग पुन्हा डोकं वर काढतो. अशा निम्म्याहून अधिक रुग्णांमध्ये त्याच जनुकात आणखी एक बदल सापडतो. त्याचं नाव टी-७९०-एम. तो असेल तर ओसिमर्टिनिब ही दुसरी गोळी चालते. पूर्वी तो शोधायला दमलेल्या माणसाच्या छातीत पुन्हा सुई घालावी लागे, आणि त्यात फुफ्फुस बसण्याचा धोका. ईजीएफआरमधले बदल रक्तातून शोधणाऱ्या चाचणीला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१६ मध्ये मान्यता दिली. आता आधी रक्त बघता येतं. रक्तात काही सापडलं नाही, तर मात्र सुईला पर्याय नाही.

कारण रोग कुठे पसरलाय यावर पुष्कळ काही ठरतं. यकृतातल्या गाठी रक्तात भरपूर कपटे सोडतात. मेंदूतल्या गाठी हात आखडता घेतात, कारण मेंदू आणि रक्त यांच्यात चांगलाच बंदोबस्त असतो. शिवाय वय वाढलं की रक्ताच्या पेशींमध्येही काही बदल साचतात. पांढऱ्या पेशी वेगळ्या तपासल्या नाहीत, तर त्यांचाच डीएनए गाठीचा समजून फसगत होऊ शकते. रक्त साध्या नळीत तासन्‌तास पडून राहिलं तरी घोळ: पांढऱ्या पेशी फुटतात आणि गाठीचे मोजके कपटे त्या गर्दीत हरवतात.

या चाचणीची जाहिरात ऐकली की वाटतं, हिचं काम रोग आधी पकडण्याचं. मला मात्र दुसराच उपयोग मोठा वाटतो. मोठ्या आतड्याच्या दुसऱ्या टप्प्यातल्या कर्करोगात गाठ काढल्यावर केमो कुणाला द्यायची, हा डॉक्टरांपुढचा जुना पेच. ऑस्ट्रेलियात ४५५ रुग्णांवर झालेला अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटात नेहमीच्या निकषांवर निर्णय घेतला, तेव्हा २८ टक्के रुग्णांना केमो मिळाली. दुसऱ्या गटात शस्त्रक्रियेनंतर रक्तात गाठीचा डीएनए उरलाय का हे पाहिलं, तेव्हा १५ टक्क्यांनाच द्यावी लागली. दोन वर्षांनी पाहिलं, तर रोग न उलटलेल्यांचं प्रमाण दोन्ही गटांत जवळजवळ सारखं होतं. म्हणजे कित्येकांची केमो आणि तिच्यामागोमाग येणारी मळमळ टळली.

नमस्कार.