निळ्या नळ्या आणि झाकणाचं रबर

श्रोतेहो, नमस्कार.

दोन-तीन गायी सांभाळणारा आपल्या जिल्ह्यातला छोटा दूध उत्पादक स्वच्छ दुधाच्या सूचना पाळतो, तो का पाळतो? आणि पाळत नाही, तेव्हा का पाळत नाही? आज त्याबद्दल बोलायचं आहे. सूचना त्याला पाठ असतात. कास धुवा, कोरडी पुसा, पहिल्या धारा वेगळ्या काढा, धार झाल्यावर सडं जंतुनाशकात बुडवा. विचारलं की म्हणतो, "माहीत आहे हो." माहिती असते, पण माहिती असून माणूस करत नाही. माझ्या मते तो करतो ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्यावर, आणि शेजारच्या गोठ्यात पाहिल्यावर तर नक्कीच.

शिरूर तालुक्यातल्या एका वाडीतली हकिकत सांगतो. तिथल्या दूध संस्थेच्या भिंतीवर स्वच्छ दुधाचा तक्ता कित्येक वर्षं लावलेला होता. रंग उडाला, कोपरे फाटले, वाचत कुणी नव्हतं. मग संस्थेचा तरुण सचिव डेअरीवरून मिथिलीन ब्ल्यूची चाचणी शिकून आला. दहा मिली दुधात एक मिली निळं द्रावण टाकायचं आणि नळी अंगाच्या उबेइतक्या, म्हणजे 37 अंशांच्या पाण्यात ठेवायची. दुधात जंतू जितके जास्त, तितका निळा रंग लवकर जातो. चांगलं दूध पाच तासांहून जास्त वेळ निळं राहतं. अर्ध्या-एक तासात पांढरं पडलं, तर दुधात जंतू फार झालेत असं समजायचं. पुन्हा सांगतो, निळं टिकलं तर चांगलं, लवकर पांढरं पडलं तर वाईट.

सचिवानं सगळ्यांच्या नळ्यांवर खाते क्रमांक घातले आणि नळ्यांचा स्टँड खिडकीशी, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा ठेवला. तो कुणाला काही बोलला नाही. सातला दूध घालून गेलेल्या एक काकू आठला पेंड न्यायला परत आल्या, तर त्यांची नळी पांढरीफटक. आणि शेजारची, त्यांच्या धाकट्या जावेची, निळीशार! जावेचा गोठा भिंतीपलीकडेच. दुपारी बारालाही ती नळी निळी होती, कारण काकू बाराला पुन्हा बघून गेल्या.

"बाळा, गायी एका बाजारातनं आणल्या, वैरण एक, पाणी एकाच बोअरचं. मग माझ्याच दुधाला काय झालं रं?"

"काकू, रंग गेला एवढं मला दिसतंय. कशानं गेला ते तुमच्या गोठ्यातच बघाय लागंल."

दुसऱ्या दिवशी काकूंनी तीन ठिकाणचं दूध आणलं. एक उकळत्या पाण्यानं धुतलेल्या तांब्यात थेट सडातून काढलेलं, दुसरं धारेच्या बादलीतलं आणि तिसरं कॅनमधलं. तांब्यातलं निळं राहिलं, बादलीतलंही बराच वेळ टिकलं. कॅनमधलं मात्र तासाभरात पांढरं. काकूंनी तिथंच ओट्यावर कॅनचं झाकण उलटं केलं आणि कडेचं रबर नखानं उचकटलं. खाली पिवळट, चिकट थर होता आणि आंबूस वास. कॅन रोज धुतला जात होता, पण गार पाण्यानं, आणि ओला असतानाच झाकण लावलं जात होतं. रबर काढून कधी धुतलंच नव्हतं. जाऊ ते काढून गरम पाण्यात, धुण्याच्या सोड्यानं घासायची आणि कॅन उन्हात पालथा घालायची. तिला माहेरी तशीच सवय लागलेली.

त्या संध्याकाळी वाडीतल्या बहुतेक घरांत झाकणांची रबरं निघाली. इतक्या वर्षांत तक्त्याला जे जमलं नव्हतं, ते जावेच्या निळ्या नळीनं केलं.

आता दुसरी बाजू. दूध संकलन केंद्रावर गायीच्या दुधाचा दर ठरतो तो फॅट आणि एसएनएफवर, म्हणजे स्निग्धांश आणि तो सोडून दुधात उरणाऱ्या घन पदार्थांवर. साडेतीन-साडेआठ टक्के हे आकडे दूध घालणाऱ्या घरातल्या पोरांनाही पाठ असतात. पण जंतू किती, हे दराच्या पावतीवर नसतं. गरम पाण्याला सरपण लागतं, कास पुसायला वेळ लागतो, आणि त्याचा एक पैसाही वेगळा मिळत नाही. माझं स्पष्ट मत आहे की तो आकडा पावतीवर यावा आणि चांगल्या दुधाला वरचा दर मिळावा. काससुजीवर, म्हणजे कास सुजण्याच्या आजारावर, सडात औषधाच्या ट्यूब सोडल्या, तर औषधाचा अंश दुधात उतरतो, म्हणून लेबलवर दिलेल्या दिवसांपर्यंत दूध केंद्रावर घालायचं नसतं. ज्याच्याकडे दोनच गायी आहेत, त्याची यात निम्मी कमाई जाते. तो भार एकट्यानं का सोसावा?

आणि आपण शहरातले लोक? पुण्यात दूध चांगलं की वाईट हे सायीवर ठरतं. साय जाड आली की दूध चांगलं, हा समज सोडायला हवा. सायीवरून ना जंतू कळतात, ना औषधाचा अंश. अन्नसुरक्षा प्राधिकरणानं 2018 साली देशभरातून 6,432 नमुने तपासले. भेसळीमुळे असुरक्षित निघाले ते 12. बुरशीच्या विषाचं, म्हणजे ॲफ्लाटॉक्सिनचं प्रमाण मर्यादेबाहेर होतं 368 नमुन्यांत. हे विष बुरशी आलेल्या पेंडीतून आणि मक्यातून गायीच्या पोटात आणि तिथून दुधात येतं. दूध उकळून ते जात नाही. पेंडीचं पोतं ओल्या जमिनीवर न ठेवता फळीवर ठेवलं, तर बुरशीला पुष्कळ आळा बसतो.

शेवटी शिबिरं घेणाऱ्यांना एक विनंती. शिबिर दुपारी ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये असतं, तिथं घरातला पुरुष येतो, चहा घेतो, सही करतो. आणि धार कोण काढतं? बहुतेक घरांत बाई काढते. कॅन कोण धुतं? तीच. तेव्हा शिबिर सकाळची धार आटोपल्यावर तिच्याच गोठ्यात घ्या, जावा-शेजारणींना बोलवा, आणि येताना निळ्या द्रावणाची बाटली आणि नळ्या बरोबर आणा.

नमस्कार.