मेबेरी: नकाशात नसलेलं गाव

(शीळ. कृष्णधवल दृश्य: तळ्याकाठची मातीची वाट, खांद्यावर गळ टाकून चाललेले बापलेक.)

ही शीळ कानावर पडली की साठी ओलांडलेल्या अमेरिकन माणसाला पुढचं चित्र सांगावं लागत नाही. पोरगा वाकतो, दगड उचलतो आणि तळ्यात भिरकावतो. दगड पाण्यात पडतो खरा, पण तो त्याचा नव्हे. पोराचं काम करणाऱ्या सहा वर्षांच्या रॉन हॉवर्डचा हात तेवढा पोचत नव्हता. म्हणून झाडाआड एक माणूस उभा केला होता, त्यानं हा दगड फेकला. तळंही गोष्टीतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातलं नाही, ते लॉस एंजेलिसच्या फ्रँकलिन कॅन्यनमधलं. शीळ मात्र अस्सल. संगीतकार अर्ल हेगन यांनी ती स्वतःच घातली होती.

मालिकेचं नाव ‘द अँडी ग्रिफिथ शो’, एक अमेरिकन विनोदी मालिका. सीबीएस वाहिनीवर पहिला भाग दिसला ३ ऑक्टोबर १९६० रोजी. तेव्हा आपलं महाराष्ट्र राज्य जेमतेम पाच महिन्यांचं होतं, आणि मुंबई दूरदर्शन सुरू व्हायला अजून बारा वर्षं होती.

(दृश्य: मेबेरीचा मुख्य रस्ता, न्हाव्याचं दुकान, पोलीस कचेरी.)

गाव मेबेरी. नकाशात शोधू नका, सापडणार नाही. पण माउंट एअरी सापडेल. नॉर्थ कॅरोलायनातलं हे गाव म्हणजे मालिकेचा नायक, नट अँडी ग्रिफिथ याचं जन्मगाव. मेबेरीत तो शेरीफ, म्हणजे पोलीसप्रमुख आहे, विधुर आहे. घरात मुलगा ओपी आणि दोघांना जेवू घालणारी बी आत्या. गुन्हे जवळजवळ नाहीतच. गावचा दारुडा ओटिस रात्री स्वतःच येऊन कोठडीत झोपतो आणि सकाळी भिंतीवरची किल्ली घेऊन बाहेर पडतो.

आणि बार्नी फाइफ! डॉन नॉट्सनं रंगवलेला हा डेप्युटी, शेरीफचा मदतनीस, छाती फुगवून चालतो, पण त्याला गोळी मिळते एकच. तीसुद्धा पिस्तुलात नाही, शर्टाच्या खिशात, कारण पिस्तूल त्याच्या हातून भलत्या वेळी उडतं. मुळात हशा ग्रिफिथनं मिळवायचा असं ठरलं होतं. दुसऱ्याच भागाच्या वेळी त्याच्या ध्यानात आलं की खरा विनोद नॉट्सकडे आहे, आपण नुसतं त्याच्याकडे बघत राहायचं. ज्याच्या नावावर मालिका आहे असा नट एवढ्या सहज मागे सरकतो, हे फारसं पाहायला मिळत नाही. या भूमिकेनं नॉट्सला टीव्हीसाठीचे पाच एमी पुरस्कार दिले. ग्रिफिथला या मालिकेसाठी साधं नामांकनही नाही.

बापलेकांचं नातं कसं असावं, हे सुचवलं रॉनच्या खऱ्या वडिलांनी, रान्स हॉवर्ड यांनी. त्या काळच्या विनोदी मालिकांतली पोरं बापाला टोमणे मारून हशे घ्यायची. ते म्हणाले, या मुलाला वडिलांबद्दल आदर असू द्या.

(दृश्य: ओपी, हातात गलोल.)

३० सप्टेंबर १९६३ चा भाग पाहा. ओपीच्या गलोलीनं एक पक्षीण मरते. अँडी त्याला मारत नाही. खोलीची खिडकी उघडतो. बाहेर घरट्यात पिल्लं ओरडतायत. ती आईला हाका मारतायत आणि आई येणार नाही, एवढंच सांगून तो जातो. शिक्षा हीच. ओपी मग पिल्लं वाढवतो आणि शेवटी स्वतःच्या हातानं सोडून देतो. पिंजरा रिकामा दिसतो म्हणून तो हिरमुसतो, तेव्हा बाप त्याला झाडांकडे बघायला सांगतो. विनोदी मालिकेचा भाग आहे हा, विसरायला होतं.

न्हावी फ्लॉइडचं काम करणारे हॉवर्ड मॅकनिअर यांना पक्षाघात झाला. त्यांना काढलं नाही. परतल्यावर त्यांना बहुतेक वेळ बसवूनच दृश्यं घेतली. उभं दाखवायचं असेल तेव्हा मागून आधार दिला जाई.

आता या प्रेमळ गावात काय नव्हतं, तेही बोलूया. मालिकेची चाचणी म्हणून मेबेरी पहिल्यांदा पडद्यावर आलं १५ फेब्रुवारी १९६० रोजी, विनोदी नट डॅनी थॉमसच्या मालिकेतल्या एका भागात. त्याच्या दोनच आठवडे आधी, त्याच नॉर्थ कॅरोलायनात, ग्रीन्सबरोच्या वूलवर्थ दुकानात चार कृष्णवर्णीय विद्यार्थी गोऱ्यांसाठी राखलेल्या खाण्याच्या काउंटरवर बसले होते आणि उठायला तयार नव्हते. मेबेरीपर्यंत ही बातमी पोचलीच नाही. एकूण भाग २४९. कृष्णवर्णीय नटाला नाव घेण्याजोगी बोलती भूमिका मिळाली १९६७ मध्ये, एका भागात. ग्रिफिथ स्वतः म्हणत असे की मालिका साठच्या दशकातली असली तरी तिचा भाव १९३०च्या दशकाचा आहे. आठवणीतलं गाव असंच असतं, नकोसं ते गाळलेलं.

१९६८ मध्ये मालिका थांबली तेव्हा ती पहिल्या क्रमांकावर होती. तिचा पुढचा अवतार १९७१ मध्ये बंद पडला. जाहिरातदारांना शहरातला तरुण प्रेक्षक हवा होता, आणि सीबीएसनं गावाकडच्या मालिका एकामागोमाग एक गुंडाळल्या. पॅट बट्रम या नटाचा शेरा प्रसिद्ध आहे: ज्यात झाड दिसेल ते सगळं त्यांनी बंद केलं.

(दृश्य: आजचं माउंट एअरी, जुन्या बनावटीची पोलीस गाडी.)

आज माउंट एअरीच मेबेरी बनून पर्यटकांना जुन्या पोलीस गाडीतून फिरवतं. बी आत्या, म्हणजे फ्रान्सिस बेवियर, जन्मानं न्यूयॉर्कच्या. त्या १९७२ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या सायलर सिटीत राहायला गेल्या. शांतता हवी होती, पण चाहते दार वाजवत राहिले आणि त्या घराबाहेर फारशा दिसेनाशा झाल्या. १९८९ मध्ये त्या वारल्या. मृत्युपत्रात त्यांनी एक लाख डॉलर ठेवले होते, गावच्या पोलिसांसाठी. त्याच्या व्याजातून त्यांना वर्षाला बोनस मिळावा म्हणून.